कुंपणापाशी उभा असलेला माणूस

पार्क लोकांसाठी खुला होऊन सहा महिने झाले, तेव्हा नगरपालिकेकडून आमच्या ऑफिसला पत्र आलं. नोव्हेंबर अर्धा सरला होता. पत्राच्या मथळ्यातच एक जर्मन शब्द होता, आंग्स्टराउम. भीतीची जागा. शहरं आखणाऱ्यांच्या बोलण्यात हा शब्द इथं नेहमी येतो. जिथून जाताना माणूस झपझप चालायला लागतो, किल्ली मुठीत घट्ट धरतो, फोनवर कुणाशी तरी बोलत असल्याचं सोंग करतो, ती जागा. डार्मश्टाटला शिकत असताना मी या विषयावर एक निबंधही लिहिला होता. आता माझ्याच पार्कातल्या एका वाटेला लोकांनी तो शब्द लावला होता.

आमचं गाव डार्मश्टाटहून ट्रामनं वीस मिनिटांवर. तिथं एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर हा पार्क झाला. आराखडा पहिल्या रेघेपासून माझा. पाडलेल्या भिंतींच्या विटा आम्ही वाटांवर घातल्या, पावसाचं पाणी गटारात न जाता जमिनीत मुरावं म्हणून उथळ चर काढले, ओसाड पडलेल्या वर्षांत आपोआप वाढलेली बर्चची झाडं तशीच ठेवली. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना जुनी झाडं होती आणि त्यांच्या कडेनं वटवाघळं उडायची. त्यांना उजेड चालत नाही, म्हणून त्या वाटेवर एकही दिवा नाही. पक्ष्यांना आसरा हवा, म्हणून दोन्हीकडे काटेरी झुडपांचं उंच, दाट कुंपण. उद्घाटनाला सगळ्यांनी त्या वाटेचं कौतुक केलं. तो मे महिना होता आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड होता.

नोव्हेंबरात इथं पाचला अंधार पडतो.

एक गोष्ट मी तोवर कुणाला सांगितली नव्हती. ट्रामचा थांबा पार्कच्या एका टोकाला आणि आमचं घर दुसऱ्या. मधल्या वाटेनं सहा मिनिटं लागतात, बाहेरच्या रस्त्यानं जवळजवळ पंधरा. ऑक्टोबर संपल्यापासून मी रोज बाहेरच्या रस्त्यानं येत होते. नवरा म्युनिकला नोकरीला, शुक्रवारी रात्री येतो, रविवारी जातो. वळसा का घालतेस, असं विचारायला घरी कुणी नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नाही. थोडं चालणं होतं, एवढंच मनाशी म्हणायची.

त्या वर्षी ऑक्टोबरात बाबा आले. आई जाऊन सात महिने झाले होते. त्यांना अकोल्याच्या घरात एकटं ठेवणं मला बघवत नव्हतं, म्हणून तीन महिन्यांच्या व्हिसावर त्यांना बोलावून घेतलं. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. उंच, काटक, कमी बोलणारे. सकाळी वंदना म्हणायचे, मग माझ्यासाठी पोळ्या करून ठेवायचे, त्यांना जमायच्या तशा जाड. थंडी त्यांना अजिबात सोसत नव्हती. बाहेर जाताना नवऱ्याचा काळा लांब कोट घालायचे आणि अकोल्याहून आणलेली चॉकलेटी माकडटोपी हनुवटीपर्यंत ओढायचे. नुसते डोळे दिसायचे. दुपारी पार्कात एक फेरी मारून येतो, एवढंच ते मला सांगत.

पत्र आल्यावर नगरपालिकेनं पाहणी ठेवली. परिसरातल्या लोकांबरोबर मधल्या वाटेनं चालायचं, तेही संध्याकाळी पाचला, म्हणजे त्यांना जे वाटतं ते आम्हालाही कळेल. नऊ-दहा जण आले. माझ्या हातात वही होती. सगळ्यांत पुढं एक सत्तरीच्या बाई होत्या, निवृत्त नर्स, पाठ ताठ, आवाज करारी. नगरपालिकेला तक्रारीचं पत्र त्यांनीच लिहिलं होतं.

वाटेच्या सुरुवातीला, ट्रामच्या थांब्याकडच्या टोकाला, त्या थांबल्या.

"इथं," त्या म्हणाल्या. "तो इथं उभा असतो. रोज, साडेपाचच्या सुमाराला."

"कोण?" मी विचारलं.

"ते माहीत असतं तर मी पत्र कशाला लिहिलं असतं? उंच माणूस आहे. काळा कोट. तोंड झाकलेलं. कुंपणाच्या आत शिरल्यासारखा उभा राहतो आणि रस्त्याकडे बघत असतो. मी दोनदा त्याला नमस्कार केला. त्यानं मान फिरवली. बायका ट्राममधून उतरतात ना, त्यांच्याकडे बघत असतो."

मागून कुणी तरी म्हणालं की आपणही पाहिलाय. एक तरुण आई म्हणाली की ती आता मुलाला घेऊन बाहेरून जाते. नर्सबाईंनी फोन काढला. त्यांनी दुरून, चालता चालता एक फोटो काढला होता. धुरकट, वाकडा. पण झुडपांच्या काळ्या भिंतीत ती चॉकलेटी टोपी स्पष्ट दिसत होती.

त्या गावात तसली टोपी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर असणं शक्य नव्हतं.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. हे माझे वडील आहेत, गेल्या महिन्यात आलेत, त्यांना तुमची भाषा येत नाही. तीन वाक्यं. ती जर्मनमध्ये माझ्या डोक्यात तयारही झाली. पण नगरपालिकेचा माणूस शेजारी उभा होता, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तो माणूस बायकांकडे बघतो हे वाक्य नुकतंच बोललं गेलं होतं. मी म्हणाले, "आल्झो, ठीक आहे, मी नोंद घेते." आणि वहीत लिहिलं, पुरुष, उंच, गडद कोट, चेहरा झाकलेला. अक्षर माझं मलाच वाचता येईना.

"पोलिसांना मी कळवून ठेवलंय," नर्सबाई म्हणाल्या. "पुन्हा दिसला की फोन करा, असं ते म्हणाले."

घरी आले तेव्हा बाबा स्वयंपाकघरात लसूण सोलत बसले होते. कोट खुंटीवर होता. मी हात लावून पाहिला, नुकताच बाहेरून आल्यासारखा गार होता.

"बाबा, आज कुठं गेला होतात?"

"कुठं नाही. इथंच."

"संध्याकाळी?"

"अंधार पडल्यावर कुठं जाणार मी?" ते लसणावरून नजर न उचलता म्हणाले.

बाबा माझ्याशी कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. खोटं बोलताना त्यांचा आवाज कसा होतो हेही म्हणून माहीत नव्हतं. तो नेहमीसारखाच होता, याचीच जास्त भीती वाटली. जेवताना मी त्यांच्याकडे बघत राहिले. आई गेल्यापासून हा माणूस दिवसभर एकटा काय करतो, काय विचार करतो, मला काय माहीत होतं? आमच्या ओळखीतल्या एका काकांचं बायको गेल्यावर डोकं फिरलं होतं, ते अनोळखी बायकांच्या मागे चालत जायचे. मला ते काका आठवले. ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्याच्याबद्दल मी असा विचार करत होते आणि तो माझ्या ताटात भात वाढत होता. पुढे विचारायचा धीरच झाला नाही. उत्तर काय येईल या भीतीनं मी भांडी घासायला उठले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून लवकर निघाले. बाबा खरंच तिथं जातात का आणि काय करतात, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी नेहमीच्या थांब्यावर उतरले नाही. एक थांबा पुढं जाऊन, मागच्या बाजूनं पार्कात शिरले आणि घराकडच्या टोकानं मधल्या वाटेवर आले. सव्वापाच वाजले होते.

अंधारात त्या वाटेवर मी पहिल्यांदाच एकटी पाऊल टाकत होते. कागदावर ती दोनशे दहा मीटरची आहे. मध्ये एक हलकं वळण आहे, चालणाऱ्याला पुढचं एकदम दिसू नये, थोडं कुतूहल राहावं म्हणून दिलेलं. आराखड्याच्या टिपणीत मी तसं लिहिलंही होतं. त्या वळणापर्यंत आले आणि पुढचं दिसेना, मागचंही दिसेना. झुडपं माझ्या डोक्यापेक्षा उंच झाली होती. मध्येच बाहेर पडायला फट नव्हती. पक्ष्यांना त्रास नको म्हणून मीच ती ठेवली नव्हती. ओल्या पानांत काही तरी सरसरलं आणि मी जागच्या जागी थिजले. उंदीर असेल, साळिंदरासारखा तो इथला छोटा काटेरी प्राणी असेल. सगळी नावं मला येत होती. तरी हातात किल्ली होती. ती कधी धरली ते आठवत नाही.

वळण संपलं आणि थांब्याकडून येणाऱ्या उजेडात बाबा दिसले. माझ्याकडे पाठ होती. कुंपणात जिथं दोन झुडपं मेली होती तिथं ते खांदा घालून उभे होते. त्या फटीतून पलीकडचा ट्रामचा थांबा दिसत होता. ट्राम आली. बाबा टाचा उंचावून बघायला लागले. माणसं उतरली, पांगली. बाबा टाचांवरून खाली आले आणि पुन्हा तसेच उभे राहिले. मी हळूहळू त्यांच्यापासून पंधरा पावलांवर आले होते आणि हाक मारू शकत नव्हते. ते कुणाला बघतात याची अजूनही मला खात्री नव्हती.

तेवढ्यात थांब्याकडच्या टोकानं दोन विजेऱ्या आत आल्या. एक पोलीस आणि एक पोलीसबाई. त्यांच्या मागे, थोडं अंतर ठेवून, नर्सबाई. विजेरीचा झोत थेट बाबांच्या तोंडावर पडला. पोलिसानं जर्मनमध्ये विचारलं, तुम्ही इथं काय करताय. बाबांनी डोळ्यांवर हात धरला. त्यानं पुन्हा विचारलं. आणि बाबांनी दुसरा हात कोटाच्या आतल्या खिशात घातला.

ते काय काढत होते ते मला लगेच कळलं. पासपोर्टची झेरॉक्स. मीच पहिल्या दिवशी त्यांना बजावलं होतं, बाहेर पडताना ती कायम जवळ ठेवा, पोलिसांनी काही विचारलं तर न बोलता पुढं करा. ते मी सांगितलेलंच करत होते.

"हात!" पोलीस ओरडला. "हात बाहेर!" त्याचा स्वतःचा हात कमरेच्या पिस्तुलापाशी गेला होता. बाबांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. कागदाची प्लॅस्टिकची पिशवी खिशात अडकली होती आणि ते ती ओढत होते.

"बाबा," मी ओरडले. "हात तसाच ठेवा. काही काढू नका. हलू नका." मग जर्मनमध्ये, माझे वडील आहेत, माझे वडील आहेत, त्यांना भाषा येत नाही. दुसरी विजेरी माझ्या तोंडावर आली. मी दोन्ही हात वर केले. किल्ली खाली पडली.

हे सगळं किती वेळ चाललं? फार तर अर्धं मिनिट. पोलीसबाईनं आधी विजेरी खाली केली. तिनं मला सावकाश विचारलं, मी सावकाश उत्तरं दिली. मग बाबांनी माझ्या सांगण्यावरून तो हात हळूहळू बाहेर काढला आणि पिशवीतला कागद त्या दोघांपुढं धरला. पोलीसबाईनं तो विजेरीखाली धरून वाचला. ती दोघं सभ्यपणे वागली. पत्ता लिहून घेतला, शुभ संध्याकाळ म्हणाली आणि गेली.

नर्सबाई थांबल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला काल माहीत होतं."

"हो."

"फोटो पाहिल्यावर लगेच?"

"हो."

"मग मला हे करायला का लावलंत?"

मी वाकून पडलेली किल्ली उचलली. त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि वळून थांब्याकडे गेल्या.

आम्ही बाहेरच्या, दिव्यांच्या रस्त्यानं घरी निघालो. मग मी विचारलं, "रोज तिथं का उभे राहता बाबा?"

"तुझी गाडी बघायला."

"म्हणजे?"

"तू उतरलीस, रस्त्याला लागलीस, की मी आतून घरी यायचो. तू यायच्या आत कोट काढून बसायचो."

"मग सरळ थांब्यावर का नाही आलात?"

"आलो होतो की पहिल्या आठवड्यात. तुझ्याबरोबर ऑफिसातलं कुणी तरी होतं. तू म्हणालीस, बाबा, असं येत जाऊ नका, मी काय लहान आहे का."

मी तसं म्हणाले होते. ते म्हणाल्यानंतर मी विसरूनही गेले होते.

"आणि मला सारखं एक खटकायचं," ते पुढं म्हणाले. "वाट हिनं आखलेली. सरळ घरी येते. तरी पोरगी रोज एवढा मोठा वळसा घालून जाते. म्हटलं, इथं काही तरी असणार, हिला ते माहीत असणार, आणि ही मला सांगत नाही. म्हणून उभा राहायचो."

"त्या बाईंनी नमस्कार केला होता तुम्हाला. दोनदा."

"केला होता. मला उत्तर देता येईना. मी म्हटलं, बोलायला गेलो तर आणखी घाबरेल." थोडं चालून ते म्हणाले, "मला बघून दार लावून घेणारी माणसं मी पाहिलीयत. खात्याचं ओळखपत्र गळ्यात असायचं, तरी काही घरांतून सांगायचे, फोन दुरुस्त करायचा तर मागच्या दारानं या. ते मला सवयीचं होतं. पण माझी कुणाला भीती वाटावी असं काही कधी झालं नव्हतं. ती बाई भीत होती गं. मला दिसत होतं. काय करावं ते कळत नव्हतं."

त्यांनी माझ्याबद्दल काहीच विचारलं नाही. काल तुला माहीत होतं का, असं ते म्हणाले असते तर मी सांगितलं असतं. नर्सबाईंचं जर्मन त्यांना कळलं नव्हतं. मी त्या रात्री सांगितलं नाही आणि नंतरही नाही. हे लिहितानाही मला वाटतंय की त्यांना ते कळलं असावं.

पुढचे आठ दिवस बाबा घराबाहेर पडले नाहीत. दारावरची बेल वाजली की उठून आतल्या खोलीत जायचे. मग एक दिवस दुपारी, भर उजेडात, निघाले. टोपी घातली नाही. मी म्हटलं, कान गारठतील. म्हणाले, गारठू देत, तोंड दिसलेलं बरं. परत आले तेव्हा कान लालभडक झाले होते. मी त्यांच्यासाठी इथल्या लोकांसारखी लोकरीची साधी टोपी आणली, ती ते कपाळाच्याही वर ठेवायचे.

त्याच आठवड्यात चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "ती तुझी वटवाघळं या थंडीत कुठं असतात?"

"झोपलेली असतात. भिंतींच्या फटींत, झाडांच्या ढोलींत. मार्चपर्यंत बाहेर येत नाहीत."

"मग आत्ता अंधार कुणासाठी ठेवलाय?"

मला हे माहीत नव्हतं असं नाही. आराखडा करताना हंगामाप्रमाणे चालणारे दिवे सुचवावेत असं एकदा मनात आलं होतं. पण त्यासाठी निसर्ग खात्याशी आणखी सहा महिने पत्रव्यवहार करावा लागला असता, आणि दिवाच नाही हे उत्तर सोपं होतं, ऐकायलाही चांगलं वाटत होतं. कागदावर मी वटवाघळांची सोय केली आणि संध्याकाळी कामावरून येणाऱ्या बाईची केली नाही. ती बाई मी स्वतः होते, तरी केली नाही.

अहवाल लिहायला बसले तेव्हा पाहणीतल्या नोंदींखाली मी एक वाक्य घातलं, आराखडा करणारी व्यक्ती स्वतः अंधार पडल्यावर ही वाट टाळते. आमच्या ऑफिसचे प्रमुख ते वाचून अस्वस्थ झाले.

"हे लिहायची गरज आहे का?" त्यांनी विचारलं. "लोक म्हणतील, मग बांधलीत कशाला?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणाले. "तोच प्रश्न आहे."

पुढच्या बैठकीत नर्सबाई समोरच बसल्या होत्या. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की फोटोतला माणूस माझे वडील आहेत, मी त्या दिवशी ओळखलं होतं आणि गप्प बसले. नगरपालिकेच्या माणसानं कागद खालीवर केले. नर्सबाई बाहेर पडताना माझ्यापाशी थांबल्या. क्षमा वगैरे त्यांनी मागितली नाही, मीही अपेक्षा केली नव्हती. म्हणाल्या, "मला वाईट वाटलं त्यांच्यासाठी. पण अनोळखी माणूस पुन्हा तसा उभा दिसला तर मी पुन्हा फोन करीन." त्यांचं बरोबर होतं. त्या वाटेवर त्यांच्या जागी मी असते तर मीही केला असता. ते ऐकून मात्र मला घरी जाईपर्यंत भीती वाटत राहिली, कारण कुठल्या तरी वाटेवर कुणाचे तरी बाबा उभे असतीलच.

फेब्रुवारीत बदल झाले. कुंपण कमरेइतकं छाटलं, वळणावरची झुडपं काढून तिथं बाहेर पडायला वाट केली. कमी उंचीचे, पिवळसर उजेडाचे दिवे आले. नोव्हेंबर ते मार्च ते संध्याकाळी लागतात, एप्रिलपासून बंद असतात. बाबा ते पाहायला नव्हते, जानेवारीत व्हिसा संपला आणि ते परत गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी दुकानातून येताना समोरून नर्सबाई आल्या. बाबांनी टोपी काढली आणि चार दिवस घोकून ठेवलेला जर्मन नमस्कार केला, गुटन टाग. बाईंनीही उत्तर दिलं. दोघंही जरा जास्तच वेळ जागेवर उभे राहिले आणि मग आपापल्या दिशेनं गेले.

आता त्या वाटेनं मी रोज येते. भीती गेलेली नाही. अजूनही कधी तरी वळणावर डोळ्यांसमोर तो हात येतो, कोटाच्या आतल्या खिशात अडकलेला, आणि मला वाटतं की मी एक ट्राम उशिरा आले असते तर.

सध्या लुडविग्सहाफेनला एका वस्तीमागच्या पडीक जागेवर नवं काम चालू आहे. कागदावर रेघ ओढण्याआधी मी डिसेंबरात तिथं संध्याकाळी जाते, साडेपाचला, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. अकोल्यात तेव्हा दहा वाजलेले असतात. मागच्या आठवड्यात तिथंच चालता चालता बाबांना फोनवर हे सांगितलं.

"बरोबर कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. एकटीच."

ते म्हणाले, "फोन चालू ठेव."

मी तो कानाला लावून चालत राहिले. त्यांच्याकडच्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता.